सतरंजी

तिचं नेमकं वय कुणालाच सांगता येत नाही. कडेला काळ्या रंगाने आमच्या गावच्या समितीचं नाव आणि साल लिहिलं होतं. साल पुसलं गेलं, नावातली दोन अक्षरं उरली. लाल-निळे पट्टे विटून एकमेकांचे सख्खे भाऊ वाटू लागलेत. लांबी पंधरा फूट, रुंदी दहा. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावात, एका जुन्या घराच्या माळ्यावर ती असते. बैठकीचा निरोप गेला की खाली उतरते. हारतुरा मागत नाही, पत्रिकेत नाव नाही म्हणून रुसत नाही.

जवळ बसून पाहावं तर तिच्या अंगावर गाव लिहिलेलं आहे. एका कोपऱ्यात रुपयाएवढा मेणाचा डाग आहे, कुणाच्या तरी घरच्या रोजरीच्या प्रार्थनेतला. त्याच्याशेजारी गुलाल आहे, गणपतीतला. मधोमध चहाच्या कपांची वर्तुळं, आणि त्यांच्यालगत तळहाताएवढा निळ्या शाईचा डाग. निवेदनावर सह्या घेताना पेन फुटलं होतं.

चळवळीला माणसं कुठून येतात, यावर अभ्यासकांनी जाड पुस्तकं लिहिली आहेत. सतरंजीला ते डागांवरूनच माहीत आहे. नुसतं पत्रक वाचून फारसं कुणी येत नाही. रोजरीला शेजारी बसणारा, गणपतीची वर्गणी गोळा करणारा, वाडीत रहाटाच्या दिवसांपासून ओळखीचा असलेला कुणी ‘चल रे’ म्हणतो, म्हणून माणूस येतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथला हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला आणि विहिरींचं पाणी टँकरमध्ये भरून जाऊ लागलं, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, त्या वेळचे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. पण त्यांच्या मागे लाल लुगड्यातल्या आज्या होत्या, केळीवाले होते, कोळी होते, आणि ही सगळी माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत होती. सतरंजी अंथरायच्या आधीच अर्धी संघटना गावात तयार असते.

आमच्या जिल्ह्यात तर सतरंजीवाचूनही चळवळ झाली आहे. १९४५ साली तलासरी-डहाणूकडे गोदावरी परुळेकर वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना संघटित करत होत्या, त्या बैठकांना कुठली आली सतरंजी? माणसं मातीवर बसली.

आमची सतरंजी मात्र स्वतःला समतेची मूर्ती समजते. खुर्चीसारखं तिला डोकं नाही, पाय नाहीत, सगळे एका पातळीवर. दिसायला खरं आहे. पण चार बैठका बसा, म्हणजे कळेल की भिंतीला टेकायची जागा ठरलेल्या तिघांचीच. बायका दाराजवळ, पोरं कडेला मोबाईल घेऊन. निर्णय भिंतीपाशी होतो आणि कडेला पोचेपर्यंत तो ‘आपण सगळ्यांनी ठरवलं’ असा झालेला असतो. अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीत वावरलेल्या जो फ्रीमन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नेमकं हेच दुखणं मांडलं होतं: आमच्यात पदं नाहीत, रचना नाही, असं म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच. फक्त ती झाकलेली असते, म्हणून तिला जाब विचारता येत नाही. आमच्याकडे एका बाईंनी त्यावर साधा उपाय काढला. पुढच्या बैठकीला त्यांनी सतरंजी आडवी अंथरली. भिंत लांब गेली. त्या दिवशी दाराजवळून पहिल्यांदा प्रश्न आला, ‘हिशेबाची वही कुठाय?’

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा ‘आमची गावं वगळा’ म्हणणारे इतके जमायचे की सतरंजी पुरायची नाही. माणसं अंगणात, बांधावर बसायची. त्या दिवसांत भांडणं नव्हती, कारण भांडायला सवड नव्हती. त्याच वर्षी गावं वगळण्याच्या आंदोलनात पुढे असलेले विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईचे आमदार झाले. २०११ साली शासनाने २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली. महापालिका न्यायालयात गेली. मग तारखा. २०२४ साली शासनाने ती गावं महापालिकेतच ठेवायचं ठरवलं.

मधली तेरा वर्षं सतरंजीला विचारा. आधी ती पूर्ण पसरायची, मग अर्धी दुमडून, मग चौघांपुरती. मोर्च्यात माणसं एका बाजूला तोंड करून चालतात. वाट पाहताना मात्र ती एकमेकांकडे बघू लागतात, आणि तिथे सगळं निघतं. निवडणूक लढवायची की लांब राहायचं? कुणाच्या भावाने जमीन विकली? पेपरात फोटो कुणाचा आला? आमच्या समितीचीही फाटाफूट झाली. दोन समित्या झाल्या, पण सतरंजी एकच. बुधवारी एक गट न्यायचा, रविवारी दुसरा. दोघेही तिच्यावर बसून दुसऱ्याला फितूर म्हणायचे. तिने दोन्हीकडचं ऐकलं आणि इकडचं तिकडे केलं नाही. एवढी शिस्त आमच्यात एकालाही जमली नाही. जे बोलायचं ते सतरंजीवर बोलून मोकळं व्हायचं, हा साधा नियम आम्ही मोडला आणि नाक्यावरच्या टपरीवर बोललो. फूट तिथे पडली.

पूर्वी तिला बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, धुवायचे. ते बावखल बुजलं. गेल्या उन्हाळ्यात तिला धुतलं ते टँकरच्या पाण्याने. ज्या टँकरविरुद्धच्या घोषणा तिने ऐकल्या होत्या, त्यानेच तिचा मळ काढला. मेणाचा डाग तेवढा निघाला नाही.

मराठीत ‘सतरंज्या उचलणारा’ हा शब्द आपण कीव करून वापरतो. नेता भाषण करून निघून गेला, हा बिचारा मागे राहिला, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी धुतलेली सतरंजी वाळली तेव्हा अंगणात दोनच माणसं होती, बुधवारचा एक आणि रविवारचा एक. दोन वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं. एकाने या टोकाला धरलं, दुसऱ्याने त्या टोकाला. झटकली. मग घडी घालायची तर टोकं जुळवायला चालत समोरासमोर यावं लागतं. आले. ‘तुझं टोक वर घे,’ एक म्हणाला. दुसऱ्याने घेतलं.

समित्या अजून दोनच आहेत. पण पंधरा फुटी सतरंजीची घडी एकट्याला घालता येत नाही.