सुरतेतील विश्वचषकाचे दिवस

सुरत म्हटले की मराठी मनाला शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या दोन स्वाऱ्या आठवतात. आजची सुरत ही कापडाची व हिऱ्यांची नगरी असून ती परगावच्या माणसांनी गजबजलेली आहे. उधना आणि लिंबायत या भागांत हिंडू लागले की खानदेशी बोली कानी पडते. मागांवर ओडिशाचे लोक बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. जरीकामात बंगाली कारागीर दिसतात. शाळांतून व रुग्णालयांतून मल्याळी मंडळी भेटतात. आम्ही वसईकडचे. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कामानिमित्त आमचा मुक्काम या शहरी होता, आणि नेमक्या त्याच दिवसांत, २० नोव्हेंबरपासून, कतार देशात फुटबॉलचा विश्वचषक खेळला जात होता.

फुटबॉल आम्हांस नवा नाही. आमच्या गावांतील मुले पावसाळ्यात चिखल तुडवीत चेंडूमागे धावतात. परंतु एखाद्या खेळावर माणसे इतका जीव टाकू शकतात, हे आम्ही सुरतेस आलेल्या मल्याळी शेजाऱ्यांकडून शिकलो. त्यांच्या वसाहतीत एका भिंतीवर पांढरी चादर ताणून पडदा केलेला. उजवीकडे अर्जेंटिनाचे निळे-पांढरे निशाण, डावीकडे ब्राझीलचे पिवळे-हिरवे. शेजारधर्म कायम, मात्र सामना सुरू झाला की बसण्याच्या जागा वेगळ्या! त्याच सुमारास केरळातील कोळिकोड जिल्ह्यात, पुल्लावूर येथील नदीत, मेस्सी, नेमार व रोनाल्डो यांचे प्रचंड पुतळेवजा फलक उभे राहिल्याचे वृत्त जगभर गेले होते. त्याची छायाचित्रे प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होती.

सुरतेतील इतर लोकांचे लक्ष मात्र निवडणुकीकडे होते. १ डिसेंबरला तेथे विधानसभेचे मतदान झाले. त्या दिवशी शहर उमेदवारांच्या जयपराजयाचे आडाखे बांधीत झोपी गेले; आमचे शेजारी मात्र साडेबारा वाजता सुरू होणाऱ्या सामन्यासाठी जागे होते. त्या रात्री कोस्टारिकाला हरवूनही जर्मनी स्पर्धेबाहेर गेली. पहाटे कोणी निजले, कोणी तसेच तोंड धुऊन कामावर निघाले.

आम्ही एका वयस्क गृहस्थांना विचारले, “अर्जेंटिना तुमची कोण लागते?” ते हसून म्हणाले, “फादर, १९८६ साली आमच्या गावात एकच दूरदर्शन संच होता. सारा गाव त्या एका अंगणात बसून मॅराडोनाचा खेळ पाहत असे. अर्जेंटिना म्हणजे आमचे ते अंगण.” भारताचा संघ विश्वचषकात एकदाही खेळलेला नाही. १९५० साली संधी चालून आली होती, परंतु आपला संघ गेलाच नाही. पुढे १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत आपण सुवर्णपदके जिंकली. पण विश्वचषकाचे दार पुन्हा उघडले नाही. ज्याच्या घरी कार्य नाही तो शेजाऱ्याच्या मांडवात नाचतो, तशातला हा प्रकार.

उपांत्यपूर्व फेरीत आठ संघ उरले, आणि त्यांची नावे वाचून आम्हांस मौज वाटली. पोर्तुगाल, हॉलंड, इंग्लंड व फ्रान्स ही चारही राष्ट्रे त्यांत होती. सतराव्या शतकात याच चौघांची व्यापारासाठी सुरतेच्या किनाऱ्यावर चढाओढ चालली होती. १६१२ साली जवळच्या सुवाळी बंदराबाहेर इंग्रज व पोर्तुगीज यांची तोफांनी लढाई झाली; नंतर इंग्रजांची, डचांची आणि १६६८ मध्ये फ्रेंचांची वखार येथे उभी राहिली. त्यांच्या वैभवाची खूण म्हणून आता मुख्यत्वे कबरस्ताने उरली आहेत.

९ डिसेंबरला दुपारी आम्ही काही मल्याळी मित्रांसह डच कबरस्तानात गेलो. तेथे हेंड्रिक व्हान रीड यांची भव्य, घुमटाकार समाधी आहे. मलबारात अधिकारी असताना या गृहस्थांनी तेथील वैद्यांच्या व विद्वानांच्या मदतीने मलबारी वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. या कामी आरंभी कार्मेल संघाच्या फादर मॅथ्यू यांचेही साहाय्य झाले होते. १६९१ साली सुरतेस येत असता मुंबईनजीक समुद्रात त्यांचे निधन झाले. आमच्यातील एक शिक्षक तो ग्रंथ जाणून होते. समाधीसमोर क्षणभर हात जोडून ते म्हणाले, “आमच्या झाडापाल्याची नावे यांनी जपली. पण आज रात्री यांच्या देशाला हरवलेच पाहिजे!”

तसेच घडले, हॉलंडवर अर्जेंटिनाने पेनल्टीवर मात केली. त्याआधी काही तास ब्राझील क्रोएशियाकडून हरले होते. पडद्याच्या डाव्या बाजूस स्मशानशांतता पसरली. तेव्हा उजवीकडच्या बायकांनी आधी तिकडे चहा नेऊन दिला आणि मगच आपला सामना लावला.

दुसऱ्या दिवशी मोरोक्कोने पोर्तुगालला नमविले व उपांत्य फेरी गाठणारा तो आफ्रिकेतील पहिला संघ ठरला. त्या संघातील २६ पैकी १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते, पोटासाठी परदेशी गेलेल्या घरांतील मुले! विजयानंतर त्यांच्यातील बुफाल हा आपल्या आईसोबत मैदानावर नाचला. ते दृश्य पाहताना आमच्या भोवतीच्या कित्येक परिचारिकांनी डोळ्यांस पदर लावला. त्यांच्या आया दूर केरळात होत्या.

या उत्सवाला काळी किनारही होती. कतारची मैदाने भारत, नेपाळ, बांगलादेश येथून गेलेल्या मजुरांनी बांधली. स्पर्धेशी निगडित कामांत चारशे ते पाचशे मजूर दगावल्याचे तेथील आयोजनप्रमुखांनीच नोव्हेंबरात एका मुलाखतीत सांगितले. त्याविषयी बोलणे निघाले असता एक मागवाला इतकेच म्हणाला, “मांडव घालणाऱ्याला पंगतीत पान नसतेच.” तो स्वतः विणतो ते कापड त्याच्या घरी क्वचितच जात असेल.

१८ डिसेंबरच्या रविवारी अंतिम सामना झाला. अर्जेंटिनाचे दोन गोल. मग फ्रान्सच्या एम्बाप्पेने अवघ्या दोन मिनिटांत साधलेली बरोबरी. जादा वेळेत पुन्हा ३-३. अखेर पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने विजयी. रात्रपाळीचे लोक केव्हाच मागांवर गेले होते. त्यांना निकाल कळविण्यासाठी मुलांची धावपळ उडाली. ब्राझीलवाले पाठीराखेही मिठाईला पुढे होते.

वाचकहो, परमुलखी गेलेल्या माणसाला पोटापुरते काम मिळते, पण आपल्या आनंदासाठी जागा सहजी मिळत नाही. ती जागा त्या मंडळींनी एका चादरीवर निर्माण केली. आपल्या गावांतही आता दूरदूरची माणसे कामास येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचा सण, त्यांचा खेळ आला तर त्यांना आपले एखादे अंगण मोकळे करून द्यावे, आणि शक्य झाल्यास आपणही तेथे जाऊन बसावे.