देवळामागचा गायक

गीतकाराने राजकारणाला हात घालावा काय, हा वाद आमच्या भजनी मंडळांत अधूनमधून डोके वर काढतो. पुष्कळ गीतकार 'नको' म्हणतात. त्यांची कारणे दोन: भक्तीला विटाळ होतो, आणि निवडणूक सरली की गीतही मरते. ही कारणे आम्ही हलकी मानत नाही. पक्षासाठी रचलेले गाणे पक्षाच्या फलकाइतकेच टिकते. तरीही हिंगोली जिल्ह्याचे स्मरण झाले की आमचे मन या उत्तरावर स्थिरावत नाही.

कयाधूकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील कथा सर्वश्रुत आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळामागे घालवले. ते तेथे गात राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मागे का, याचे उत्तर तेथील लोक याच कथेने देतात. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. जातीमुळे देवळातून उठवले जाणे आणि देऊळ फिरणे हा प्रसंग तेथील एका पदातही येतो. कथेतले नामदेव सत्तेविरुद्ध गीत रचत नाहीत. ते देवाचेच नाव घेतात. पण ज्या जागी त्यांना उभे केले, ती जागाच त्यांच्या भजनातून बोलू लागते.

शाहिरांची भूमिका याहून उघड होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले, ते चळवळीसाठीच. तरी अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड टिकली, कारण मुंबईत आलेल्या कष्टकऱ्याचा घरधनिणीपासूनचा विरह तिच्यात आहे. बेळगाव-कारवारच्या ताटातुटीचे दुःख त्या विरहातच मिसळले आहे.

आमच्याही वाट्याला अशी एक जागा आली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यत्वे हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती बांधव आजही बाहेरच आहेत. जो गीतकार त्यांच्या वस्तीत राहतो, त्यांच्याबरोबर मिस्सेला बसतो, त्याच्या गीतात ही व्यथा कधीच उमटू नये काय?

संध्याप्रार्थनेत ख्रिस्तसभा पवित्र मरियेचे स्तोत्र रोज गाते. त्यात सत्ताधीश आसनावरून खाली येतात, दीन उंचावले जातात आणि भुकेलेले तृप्त होतात. कोणत्याही राजाचे नाव तेथे नाही, आणि त्याला कोणी प्रचारगीत म्हणत नाही. गाणारी एक गरीब गावकन्या आहे. आपल्या दैन्यावर देवाची दृष्टी पडली, एवढेच ती आनंदाने सांगते.

म्हणून आमच्या गीतकारांना आमचे एवढेच सांगणे आहे: पक्षासाठी लिहू नका, पण आपण कोठे आणि कोणाबरोबर उभे आहोत, हे गाताना लपवूही नका.