श्वापदे जमविण्याचा खेळ

खेळ खेळणे आणि खेळ रचणे ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. खेळणाऱ्यास केवळ पुढे जावयाचे असते. रचणाऱ्यास मात्र तो कशासाठी निघाला, कोठे अडेल आणि अडल्यावर कशाच्या बळावर उठेल, ह्या सर्वांचा विचार आधी करावा लागतो. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही परभणी जिल्ह्यातील चारठाणा ह्या आमच्या गावी होतो. तेथे आमचा पुतण्या व त्याचे दोन सवंगडी एका जुन्या संगणकावर असाच एक खेळ रचीत होते. त्याची कथा नीट बसवून देण्याचे काम त्यांनी आमच्याकडे सोपविले. त्या निमित्ताने मनात आलेले विचार विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवितो.

ज्या खेळावरून मुलांस स्फूर्ती झाली, तो 'पोकेमॉन'. जपानात तो २७ फेब्रुवारी १९९६ रोजी प्रथम विक्रीस आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी हे बालपणी टोकियोजवळच्या माचिदा गावी किडे पकडून जमवीत असत. पुढे तेथील शेते व डबकी वाढत्या वस्तीने गिळून टाकली. जमविण्याचा तो आनंद नव्या मुलांस पुन्हा लाभावा, ही ह्या खेळाच्या मुळाशी असलेली इच्छा. खेळातील मुलगा घर सोडून निघतो, तीन प्राण्यांतून एक निवडतो, रानावनात इतर प्राणी पकडून त्यांस वाढवितो आणि आठ ठिकाणच्या आठ उस्तादांस जिंकून आठ बिल्ले मिळवितो. त्या पहिल्या खेळात असे १५१ प्राणी होते.

ह्या खेळाच्या चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने त्याच धर्तीचे कितीतरी खेळ रचले आहेत. 'पोकेमॉन युरेनियम' नावाचा असा एक खेळ सुमारे नऊ वर्षे खपून तयार झाला व ऑगस्ट २०१६ मध्ये विनामूल्य वाटण्यास ठेविला गेला. थोड्याच दिवसांत तो सुमारे पंधरा लक्ष वेळा उतरवून घेतला गेला. परंतु मूळ कंपनीच्या वकिलांच्या नोटिसा आल्यामुळे रचनाकारांनी तो मागे घेतला. ही हकीकत आम्ही मुलांस सांगितली, तेव्हा ती क्षणभर हिरमुसली. मग पुतण्याच म्हणाला, "काका, मग जनावरंच आपली का घेऊ नयेत?"

तेच ठरले. चारठाणा जुन्या पाषाणी देवळांसाठी प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडील शिल्पकारांनी दगडात किती चमत्कारिक श्वापदे निर्माण करून ठेविली आहेत! मगरीच्या अंगाचा नि हत्तीच्या सोंडेचा मकर, सिंहासारखा झेपावणारा व्याल, किल्ल्यांच्या दरवाजांवरील शरभ, दोन मस्तकांचा गंडभेरुंड पक्षी. आणि ते कीर्तिमुख! भुकेच्या आगीत त्याने आपलेच शरीर खाऊन टाकले व केवळ मुख तेवढे शिल्लक राहिले, अशी त्याची पुराणकथा आहे. ज्यास कितीही चारले तरी पुरत नाही असे हे श्वापद मुलांस फारच आवडले.

श्वापदे मिळाली, पण वाटचालीचे काय? आपल्याकडील मोक्षपटाचा खेळ परंपरेने ज्ञानेश्वर महाराजांच्या नावावर सांगितला जातो. त्यात सद्गुणाच्या शिडीने वर चढावयाचे आणि दुर्गुणाच्या सर्पाने खाली घसरावयाचे. परंतु पाऊल पडते ते दानाप्रमाणे. आमच्या खेळात नशिबापेक्षा अभ्यासास अधिक मान असावा, असे आम्ही सुचविले. वाट आखली ती अशी: चारठाण्याहून निघावे, जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरातील लेणी पाहावीत, येलदरीच्या धरणापाशी यावे आणि पूर्णेच्या काठाकाठाने ती गोदावरीस मिळते तेथवर जावे. धरणाचे पाणी मकराच्या पाठीवर बसल्यावाचून ओलांडता येऊ नये, आणि मकर मात्र त्याआधीच, पण थोड्या खटपटीनेच हाती लागावा. अडथळा आधी दाखवावा, साधन शोधावयास लावावे, आणि मग तोच अडथळा सोपा व्हावा. पुढचे प्रतिस्पर्धी मागच्यांहून थोडेच बलवान असावेत. फार बलवान असतील तर खेळणारा हताश होतो, दुबळे असतील तर कंटाळतो. पाठ्यक्रम आखणाऱ्यांस ही गोष्ट नवी नाही.

मूळ खेळात मॅजिकार्प नावाचा एक मासा आहे. त्यास प्रारंभी नुसते तडफडण्याखेरीज काही येत नाही. परंतु जो त्यास धीराने विसाव्या पायरीपर्यंत वाढवितो, त्याच्यापाशी तोच मासा प्रचंड जलसर्प होऊन उभा राहतो. आमच्या खेळातही असा एक मंद प्राणी असावाच, असा आम्ही आग्रह धरिला.

ह्या सर्व चर्चेत तिघांपैकी एक मुलगा बहुधा गप्प असे. त्याचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीस जातात आणि तोही त्यांच्याबरोबर जातो. शाळेचे निम्मे वर्ष फडावर सरते. एके सायंकाळी तो एकाएकी म्हणाला, "गुरुजी, मधूनच गेलेल्या गड्याचं काय? सा महिन्यानं आल्यावर त्यानं कुठून खेळायचं?"

पुतण्याने सांगितले की, खेळ जेथे थांबविला तेथेच जपून ठेविता येतो. पण त्याचे समाधान होईना. "जागा राहती हो. पण आपण कशापायी चाललो होतो, तेच ध्यानात राहत नाही."

ह्या प्रश्नाने आमच्या कथेस जे हवे होते ते मिळाले. आता खेळातील प्रत्येक गावात एक आजी आहे. बरेच दिवसांनी परतलेला खेळाडू दिसला की ती त्यास ओट्यावर बसविते, तू कोठून आलास, कोणास शोधीत होतास, हे थोडक्यात सांगते आणि त्याच्या माघारी सांभाळलेले एक श्वापद त्याच्या स्वाधीन करिते. जवळच्या एका दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची एक झुंज लावून त्याचा हात पुन्हा बसवून देते, आणि मगच पुढे धाडते. त्यास कोणी हसत नाही व पहिल्यापासून प्रारंभ करावयास लावीत नाही.

खेळाची दोनच गावे आजवर पुरी झाली आहेत. ह्या दसऱ्यानंतर तो मुलगा पुन्हा फडावर जाईल की आजोळी राहून शाळा करील, हे त्याच्या घरी अद्याप ठरलेले नाही. त्याचा बाप समंजस आहे, परंतु उचल घेतलेली आहे. पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मूल मागे ठेविता येत असेल तर अवश्य ठेवावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच कोणी परत आला, तर त्यास आपल्या बाकावर जागा द्या, आपली वही द्या आणि आपण कोठवर आलो आहोत ते शांतपणे सांगा. खेळातील आजी आम्ही चार सायंकाळी बसून लिहिली. वर्गातील आजी होण्यास तेवढाही वेळ लागत नाही.