हेड उतरवल्यावर

जुन्या महिंद्रा जीपच्या पेट्रोल इंजिनाची गंमत हेड उतरवल्यावरच कळते. चार इनटेक व्हॉल्व्ह हेडात, चार एक्झॉस्ट खाली ब्लॉकात. हेड उचलून लेथवाल्याकडं नेलं तरी निम्म्या स्प्रिंगा घरीच. विलीसचं हे हरिकेन इंजिन, २.२ लिटरचं. वरच्या आणि खालच्या स्प्रिंगा वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आठही एकाच डब्यात टाकू नयेत. मी टाकल्या.

*

बेळगावच्या वडगावात सकाळी आधी मागांचा खडखडाट, मग गॅरेजचा. मेस्त्रींना म्हटलं, आवाजावरून सांगा कुठली स्प्रिंग मेली. म्हणाले, "आवाजाचं सोडा ओ, मापून घ्या की."

*

मोकळी उंची आधी. मग सपाट पाटावर गुण्याला लावून उभी करायची आणि सावकाश फिरवायची. वरचं टोक गुण्यापासून दीडेक मिलिमीटरहून जास्त सुटलं की ती बाद. तिरकी स्प्रिंग व्हॉल्व्हची दांडी एका अंगाला ढकलत राहते आणि गाईड खाते. माझ्या आठांतल्या दोन अशा निघाल्या, दिसायला अगदी नव्यासारख्या.

*

काउंटरवर जो येतो तो "जरा कडक द्या" म्हणतो. मीही म्हणालो असतो. पण वेढ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून तार ४ मिलिमीटरची ४.४ केली, तर ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो. कारण तो जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. डोळ्याला फरक दिसतही नाही. तो जादा जोर शेवटी कॅम आणि टॅपेटच सोसतात. शर्यतीच्या गाडीला सात-आठ हजार फेऱ्यांत व्हॉल्व्ह कॅमवरून उडू नये म्हणून कडक स्प्रिंग लागते. आमच्याकडच्या उसाच्या पंपाचं इंजिन १५०० फेऱ्यांवर चालतं, म्हणजे व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. आठ तास पाणी पाजलं की ३,६०,००० उघडझाप. तिथं कडकपणापेक्षा चिवटपणा हवा.

*

खरी चूक नवी स्प्रिंग घेतल्यावर होते. सीट कापली, व्हॉल्व्ह ग्राइंड केला की तो हेडात थोडा खोल बसतो. तेवढीच दांडी दुसऱ्या अंगाला वर येते, रिटेनर वर जातो, स्प्रिंगला जागा वाढते. म्हणजे नवी कोरी असूनही ढिली! म्हणून स्प्रिंगची बैठक ते रिटेनरची खालची बाजू हे अंतर प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळं मोजायचं आणि फरकाएवढी शिम घालायची. शिमाही बेतानं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर सगळे वेढे मिळून दीडेक मिलिमीटर मोकळीक उरली पाहिजे. वेढे एकमेकांना टेकले तर पुशरॉड वाकतो, नाहीतर कॅम खरवडतो.

*

एका टोकाला वेढे दाट असतील तर ते टोक हेडाकडं. दुहेरी स्प्रिंगा असतील तर आतलीचं वळण बाहेरचीच्या उलट, नाहीतर वेढे एकमेकांत अडकतात. आणि पकडीनं धरून ओढू नये. ओरखडा पडला की स्प्रिंग पुढं तिथूनच तुटते.

*

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. तरी ओतकामाच्या भट्ट्या बेळगावात आजही आहेत. ओतीव काम हवं तसं मिळेल. स्प्रिंगच्या पुडीवर मात्र दाबाचा आकडा छापलेला क्वचितच सापडतो.

*

डुकाटीच्या बऱ्याच मोटरसायकलींत व्हॉल्व्ह मिटायलाही कॅमच असतो, मिटवायला स्प्रिंग लागत नाही, असं मेस्त्रींना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग बिघडल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या?"

*

सात बसल्या. आठवीला अर्ध्या मिलिमीटरची शिम हवी. उद्या मंगळवार, मंगाईदेवीची यात्रा, दुकान बंद.