वहीतला हिशेब

माणसाला स्वतःची उंची वाढवता येत नाही, म्हणून तो आपल्या वाहनाची वाढवू पाहतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. हा शोध मला इतरांच्या निरीक्षणातून लागला असता तर किती बरे झाले असते! पण तो लागला माझ्याच दारातल्या मारुती ८०० मुळे.

ही गाडी अण्णांची. १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या या छोट्या गाडीचे उत्पादन २०१४ च्या आरंभी थांबले. आमची १९९८ सालची. डोळे अधू झाल्यावर अण्णांनी किल्ली माझ्या हाती दिली, आणि गाडीला पुन्हा नवे रूप देण्याचे वेड माझ्या डोक्यात शिरले. इंजिन उतरवले, पत्रा सांधला, रंग दिला. पण बारा इंची चाकांवर ती उभी राहिली, तेव्हा भरजरी पगडी बांधलेल्या नवरदेवाने पायांत जुन्या वहाणा घालाव्यात, तशी मला दिसली.

चार बोल्टांचे वर्तुळ जुळले पाहिजे, मधले भोक हबवर नीट बसले पाहिजे, असे दुकानदार समजावीत होता. मी मात्र चौदा इंची अलॉयच्या चकाकीकडे पाहत होतो. तीच घेतली. गल्लीतल्या मुलांनी माना वळवल्या आणि मी कृतार्थ झालो! पण चढणीवर गाडी धापा टाकू लागली, आणि स्टिअरिंग पुरते वळवले की टायर मडगार्डला घासू लागले. "काठ थोडा कापू," मिस्त्री म्हणाला. मी मान डोलावली.

अण्णांना यातले काही सांगितले नव्हते. पण पेट्रोलचा हिशेब ते अजून ठेवतात. दर रविवारी मी आकडे सांगावेत आणि त्यांनी ते मोठ्या अक्षरांत वहीत टिपावेत, असा आमचा रिवाज. लिटरमागे अठरा किलोमीटरचा आकडा एकाएकी साडेसोळाच्या खाली आला. तीन रविवार ते गप्प राहिले. चौथ्या रविवारी चष्मा काढून म्हणाले, "चाके बदललीस होय रे?"

मी थक्क झालो. गाडीचा मीटर रस्ता मोजीत नाही, चाकाचे फेरे मोजतो. जुन्या चाकाचा व्यास टायरसकट ५०८ मिलिमीटर, नव्याचा ५५७. प्रत्येक फेऱ्यात गाडी जवळजवळ शेकडा दहा अधिक अंतर तोडते, आणि मीटरला त्याचा पत्ताही नसतो. तो साठ दाखवतो, तेव्हा ती पासष्टच्या पुढे असते.

"हवीत तर राहू देत," अण्णा शांतपणे म्हणाले. "गाडी आता तुझी आहे. फक्त हिशेब नव्या वहीत मांड. या वहीशी तो जुळायचा नाही."

रागावलेल्या माणसाशी भांडता येते. वही मिटणाऱ्याशी कसे भांडावे?

मडगार्ड कापायचे राहिले ते राहिलेच. आता गाडीला तेरा इंची चाके आहेत. टायरसकट व्यास ५३२. दर रविवारी मी मीटरच्या किलोमीटरांत शेकडा पावणेपाच मिळवून आकडा सांगतो, आणि अण्णा तो टिपतात. गल्लीतली मुले आता माना वळवीत नाहीत. वही मात्र तीच आहे, आणि तिची बरीच पाने अजून कोरी आहेत.