मॅक्सने मोपाला

विमानाचं मॉडेल बघून तिकीट काढणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? आपण वेळ बघतो, भाडं बघतो, बॅग किती किलो चालते ते बघतो. पहाटेची फ्लाइट घेतली की पैसे वाचतात आणि झोप जाते, हा हिशोब तर तोंडपाठ. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं '737-8' कोण वाचतंय?

2024 च्या जानेवारीत आमच्या ग्रुपने मात्र ते वाचलं. त्या वर्षी 26 जानेवारी शुक्रवारी आली होती, म्हणजे आयता लॉन्ग वीकेण्ड. ऑफिसातल्या सहा जणांचं गोव्याचं ठरलेलं, अकासाची मुंबई-मोपा तिकिटं स्वस्तात मिळाली म्हणून आधीच काढून ठेवलेली. आणि 5 जानेवारीला तिकडे अमेरिकेत पोर्टलंडहून उडालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737 मॅक्स 9 च्या भिंतीचा एक तुकडाच सुटून गेला. सोळा हजार फुटांवर, दाराएवढं भोक! आत 171 प्रवासी. नशिबाने त्या भोकाला लागून असलेल्या दोन सीट्स रिकाम्या होत्या, त्यामुळे जीव कुणाचा गेला नाही. एकाचा मोबाइल तेवढा खाली पडला आणि रस्त्याच्या कडेला चक्क चालू अवस्थेत सापडला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मोबाइलची कंपनी कुठली यावरच जास्त चर्चा झाली. मग अकाउंट्समधल्या मैत्रिणीने हळूच विचारलं, ''आपलं पण मॅक्सच आहे ना रे?''

होतं. अकासाकडे दुसरं काही नाहीच, सगळा ताफा 737 मॅक्सचा. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई-अहमदाबाद ही त्यांची पहिली फ्लाइट उडाली तीसुद्धा मॅक्सनेच. कहर म्हणजे पोर्टलंडच्या घटनेला दोन आठवडे होतात न होतात तोच, 18 जानेवारीला, त्यांनी हैदराबादच्या एअर शोमध्ये आणखी 150 मॅक्सची ऑर्डर जाहीर केली. सगळं जग ज्या विमानाकडे संशयाने बघतंय त्याचीच दीडशेची ऑर्डर! मला आधी वाटलं, काय डेअरिंग आहे. मग वाटलं, अशा वेळी विकणाराही जरा नरमच असणार.

आईचा डोंबिवलीहून फोन आला. ''ते पडणारं विमान आहे ना गं ते?''

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? ''नाही'' म्हणावं तर खोटं. ऑक्टोबर 2018 मध्ये जकार्ताहून निघालेलं लायन एअरचं मॅक्स काही मिनिटांत समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. मार्च 2019 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अदिस अबाबाहून निघालं आणि पडलं, 157 गेली. दोन अपघातांत अवघे पाच महिने. लायन एअरच्या विमानाचा कॅप्टन होता भव्य सुनेजा. दिल्लीचा मुलगा, वय 31. म्हणजे आमच्या टीममधल्या कुणाच्याही वयाचा. ज्या यंत्रणेने त्याचं विमान खाली दाबलं, ती विमानात आहे हे त्याला दिलेल्या मॅन्युअलमध्ये नव्हतंच.

ती यंत्रणा म्हणजे एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर. आयटीवाल्यांना ही स्टोरी फार ओळखीची वाटेल. 737 चं मूळ डिझाइन साठच्या दशकातलं, पहिलं विमान 1967 मध्ये उडालेलं. मुद्दाम बुटकं ठेवलेलं, सामान चढवायला सोपं जावं म्हणून. डिसेंबर 2010 मध्ये एअरबसने कमी इंधन पिणारं ए320 निओ जाहीर केलं आणि बोइंगची पळापळ झाली. कोरं करकरीत विमान बनवायचं तर वेळ आणि पैसा दोन्ही लागणार, म्हणून जुन्याच 737 ला नवी मोठी इंजिनं लावायचं ठरलं. पण बुटक्या विमानाखाली मोठं इंजिन मावणार कुठे? ते पुढे आणि वर सरकवलं. त्यामुळे काही ठरावीक परिस्थितीत विमानाचं नाक वर उचललं जायला लागलं. मग त्यावर पॅच म्हणून एमकॅस, जे नाक आपोआप खाली दाबेल. आणि हा पॅच विसंबून होता एकाच सेन्सरवर! सेन्सर बिघडला की सॉफ्टवेअरला वाटणार नाक वर चाललंय, ते खाली दाबणार, पायलट वर ओढणार, ते पुन्हा दाबणार.

पायलटना हे शिकवलं का नाही? तर शिकवायला सिम्युलेटर लागतो आणि सिम्युलेटरला पैसे. जुनं 737 चालवणाऱ्या पायलटला नवीन विमान थोडक्या ट्रेनिंगमध्ये चालवता येईल, हाच तर मॅक्सचा सेलिंग पॉइंट होता. अमेरिकेतल्या साउथवेस्ट या बजेट एअरलाइनशी बोइंगचा करारच होता की सिम्युलेटर ट्रेनिंग लागलंच, तर प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलर सूट देऊ. प्रवासी घेऊन पहिलं मॅक्स उडालं तेही एका बजेट कंपनीचं, मे 2017 मध्ये मलेशियाच्या मलिंडोचं. म्हणजे घोळ झाला तो सिएटलच्या लोकांच्या हातून, पण त्यांच्यावरचं प्रेशर शोधत मागे मागे गेलात तर शेवटी स्वस्त तिकीट शोधणारा एक माणूस सापडतो. तो मी, आणि तुम्ही.

आईला अर्थात मी यातलं काही सांगितलं नाही. ''आता दुरुस्त केलंय गं सगळं,'' म्हटलं. तेही खरंच. अमेरिकेत वीस महिने ही विमानं जमिनीवर होती, आपल्याकडे मार्च 2019 ते ऑगस्ट 2021. आता एमकॅस दोन सेन्सर ताडून बघतं, एकदाच दाबतं, आणि पायलटच्या हाताला ते ओढून सावरता येईल इतपतच दाबतं. सिम्युलेटर ट्रेनिंग सक्तीचं आहे. त्यातही आपल्याकडे एप्रिल 2022 मध्ये स्पाइसजेटच्या 90 पायलटना डीजीसीएने मॅक्स चालवायला बंदी केली, कारण ज्या सिम्युलेटरवर त्यांनी ट्रेनिंग घेतलं तोच धड नव्हता. पुन्हा ट्रेनिंग घ्या म्हणून सांगितलं आणि कंपनीला दहा लाखांचा दंड. डॉलर नव्हे, रुपये.

(जून 2025 मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं तेव्हा आईने मला पहिला प्रश्न विचारला, ''तेच का हे?'' ते 787 होतं, मॅक्स नव्हे. पण मॉडेल विचारायची सवय आता तिला कायमची लागलीय.)

तर शेवटी आम्ही पाच जण निघालो. अकाउंट्सवाली मैत्रीण स्लीपर बसने आदल्या रात्रीच निघाली. मुंबई-गोवा हायवेवरून जाऊन जीव वाचवायचा, हे लॉजिक मला आजतागायत कळलेलं नाही.

सांताक्रूझच्या टर्मिनल वनला लॉन्ग वीकेण्डच्या सकाळी दादर स्टेशनची कळा आलेली असते. वडापाव सोडून सगळं दादरच. गोव्याच्या गेटवर टोप्या, शॉर्ट्स आणि आत्ताच गॉगल लावून बसलेली जनता. सगळ्या गेटवर मी एकाही माणसाला विमानाकडे बघताना पाहिलं नाही. मी बघितलं. ओळखायची सोपी खूण सांगते. इंजिनाची मागची कड बघा. करवतीसारखे दाते असतील तर मॅक्स समजा. पंखांची टोकंही दुभंगलेली, एक वर, एक खाली. दिसायला देखणं आहे हो, खोटं कशाला बोलू. केशरी-जांभळी शेपूट, आत निळसर लाइट, नव्या गाडीचा येतो तसा वास. एअर होस्टेसच्या पायात स्नीकर्स आणि युनिफॉर्मचं कापड समुद्रातल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं. त्यांच्या सँडल्सच्या जमान्याची दया यावी इतकं कम्फर्टेबल दिसत होतं ते.

समोरच्या खिशातलं सेफ्टी कार्ड मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून वाचलं. वर लिहिलेलं, 'बोइंग 737-8-200'. 'मॅक्स' हा शब्द कुठेच नाही. या शब्दाला आता तिकडेही जरा लाजतात. आयर्लंडच्या रायनएअरने हेच मॉडेल मूळ मागून घेतलं होतं. 2019 मध्ये त्यांच्या विमानाच्या नाकावर 'मॅक्स'च्या जागी '8200' रंगवलेलं फोटोत दिसलं आणि पेपरांतून बरीच खिल्ली उडाली. पुढे त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'गेमचेंजर'. आठ सीट्स जास्त, इंधन 16 टक्के कमी, हा त्यांचा दावा. आशियात हे 8-200 सगळ्यात आधी अकासाने आणलं, ऑगस्ट 2023 मध्ये.

आठ जास्त म्हणजे 189 ऐवजी 197. पण 189 च्या वर गेलात की इमर्जन्सीसाठी दारांची एक जादा जोडी लागते. ती पंखांच्या मागे दिलीय. मी बसले होते तिच्या दोन रांगा पुढे. आणि लक्षात आलं की अलास्काच्या विमानातला उडालेला तुकडा साधारण याच जागेवरचा. तिथे सीट्स कमी म्हणून दाराची गरज नव्हती, म्हणून ती जागा झाकणाने बंद केलेली, आणि झाकणाचे चार बोल्ट कारखान्यात लावायचेच राहून गेले. इथे मात्र हॅण्डलवालं खरंखुरं दार आहे. पोर्टलंडनंतर दोन-तीन दिवसांत आपल्या देशातल्या सगळ्या 737-8 ची इमर्जन्सी दारं तपासली गेली होती. मला हे सगळं माहीत होतं. तरी टेक-ऑफला मी त्या दाराकडेच बघत होते.

शेजारचा आमचा टीम लीड तोपर्यंत घोरायला लागला होता.

विमान जुहूच्या समुद्रावरून वळलं आणि डावीकडे किनारा सुरू झाला. डावी खिडकी घ्या, एवढा एक सल्ला नक्की माना. खाडी, पुळण, पुन्हा खाडी. ज्या हायवेवर आमची मैत्रीण रात्रभर गचके खात होती तो आपला कोकण वरून इतका शांत दिसतो की बस. इंजिनाचा आवाजही खरंच कमी. पाऊण तासाने मी दाराकडे बघायचं विसरले, हेही सांगायला हवं.

मोपा उतरताना गोवा वाटतच नाही. बीच नाही, माडांची रांग नाही. पेडण्यातला तांबडा, कातळाचा सडा, काजूची झाडं आणि मध्येच चकाचक रनवे. मनोहर पर्रीकरांचं नाव असलेला हा एअरपोर्ट जानेवारी 2023 पासून सुरू आहे. पणजीला जायला अजून तासभर तरी लागतो, पण बांदा, सावंतवाडी हाकेच्या अंतरावर. आमच्या फ्लाइटमधली निदान डझनभर मंडळी गोव्याची नव्हतीच. गावी निघालेले सिंधुदुर्गवाले. एक काका बायकोला सांगत होते, ''सकाळी लालबागला चहा घेतलो, आता जेवूक घराक.'' त्यांना विचारावंसं वाटलं, काका, मॉडेल बघितलंत का? नाही विचारलं.

कदंबाची इलेक्ट्रिक बस भरेपर्यंत थांबावं लागलं. तेवढ्यात मोबाइलवर बातमी आली की अमेरिकेत अलास्काची मॅक्स 9 त्याच दिवसापासून पुन्हा उडणार. आईला ''पोचले'' असा मेसेज टाकला. अकाउंट्सवालीला फोन लावला तर ती अजून कणकवलीच्या अलीकडेच होती, आणि ''मी सेफ आहे'' असं मलाच सांगत होती. बस एअरपोर्टच्या रस्त्याला लागली तेव्हा काजूंच्या वरून एक केशरी शेपूट चढताना दिसली. बहुतेक आमचंच विमान. खाली उतरून तास झाला नव्हता, तोच पुन्हा भरून मुंबईकडे.