दहा नंबरचा खांदा

22 नोव्हेंबर 2003, न्यूकॅसल
सिडनीतली रात्र म्हणजे इथली सकाळ. नऊला रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू, अकरा वाजून गेले तरी निकाल नाही. जादा वेळेतही 17-17, जेमतेम अर्धं मिनिट उरलेलं. इंग्लंडच्या डॉसनने चेंडू मागे दिला आणि जॉनी विल्किन्सनने ड्रॉप गोल मारला: चेंडू हातातून सोडायचा, टप्पा पडताच लाथाडायचा, खांबांमधून गेला की तीन गुण. मूळचा डाव्या पायाचा गडी, मारला उजव्याने! इंग्लंड 20-17, जगज्जेते. गल्लीत माणसं रात्रीच्या कपड्यांतच बाहेर आली. पोरगा आमच्याच क्लबचा, न्यूकॅसल फाल्कन्सचा.

मी पडलो हाडांचा डॉक्टर. दहा नंबरचा खेळाडू म्हणजे डावपेच ठरवणारा. आडदांड गड्यांच्या वाटेला तो शक्यतो जात नाही. हा जातो. कबड्डीतल्या कोपऱ्यावरच्या गड्यासारखा अंगावर झेपावून माणूस खाली घेतो. "हा खांदा फार दिवस टिकायचा नाही," म्हणालो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आज तरी नको."

28 फेब्रुवारी 2004
जॉनीच्या मानेची शस्त्रक्रिया झाली. खांद्याकडे जाणारी नस दबली होती.

2 ऑक्टोबर 2005
मान, दंड, मग गुडघा, पुन्हा तोच गुडघा, आणि आता अपेंडिक्स. शेवटच्याचा दोष रग्बीला देता येणार नाही.

दवाखान्यात जेवताना जुन्या काळावर विषय निघाला. ऑगस्ट 1995 पर्यंत रग्बी युनियन कागदोपत्री हौशी खेळ होता. पोलीस, शिक्षक, बँकवाले आपापलं काम सांभाळून खेळायचे. वेल्सचे जे. पी. आर. विल्यम्स तर आमच्याच पेशातले, अस्थिशल्यविशारद. विल्किन्सनच्या पिढीला हे दुसरं आयुष्य मिळालंच नाही. शाळा संपली, डरमच्या विद्यापीठातली जागा सोडली आणि 1997 मध्ये तो इथे पगारी खेळाडू झाला. अठराव्या वर्षी इंग्लंडकडून मैदानात. एरवी दुखापत झाली की माणूस कामावर रजा टाकतो; इथे दुखावलेलं अंग हेच काम. पैसा आल्यावर खेळाडूंची अंगं भरली, टक्कर जड झाली. सराव किती करायचा यालाही धरबंद उरला नाही. हा तर सगळे घरी गेल्यावरही एकटा किका मारत बसतो म्हणे. इथले आईबाप मुलांना सांगतात, जॉनीसारखी मेहनत करा. मी माझ्या मुलाला तसं सांगत नाही.

3 फेब्रुवारी 2007
1,169 दिवसांनी तो इंग्लंडकडून खेळला. मधल्या काळात मूत्रपिंडालाही इजा झाली होती. आज स्कॉटलंडविरुद्ध एकट्याचे 27 गुण. ट्राय, कन्व्हर्जन, पेनल्टी, ड्रॉप गोल, गुण मिळवण्याचे सगळे प्रकार. इंग्लंड 42-20.

या सामन्याचा करंडक म्हणजे कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब 1878 च्या सुमारास बंद पडला, तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. झाकणावर हत्ती, कानांच्या जागी तीन नाग. आपले रुपये ट्विकनहॅमच्या मैदानावर असे मिरवतात, आणि हे शेजाऱ्याला मला सांगावं लागलं.

20 ऑक्टोबर 2007
पॅरिसला पुन्हा विश्वचषकाची अंतिम फेरी. दक्षिण आफ्रिका 15, इंग्लंड 6. सहाही त्याचेच. उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहेत, झोपतो.

23 नोव्हेंबर 2008
या मोसमात गुडघ्याची वाटी निसटली. चुकण्याची भीती आपल्याला कशी पोखरत होती, हे तो आता उघड बोलतो. बुद्धविचाराने हात दिला म्हणतो. वाचून हायसं वाटलं. एक्स-रेत न दिसणारं हे दुखणं मी इतकी वर्षं मोजलंच नव्हतं.

31 मे 2014
शेवटचा सामना पॅरिसला, पस्तिसावा वाढदिवस होऊन आठवडाही झालेला नाही. त्याचा फ्रेंच क्लब तूलाँ 18, कास्त्र 10. त्यातले 15 त्याचे. गेल्याच शनिवारी कार्डिफला युरोपचा कपही याच संघाने सलग दुसऱ्यांदा नेला. इंग्लंडसाठी 91 सामने आणि 1,179 गुण 2011 मध्येच मागे पडले होते.

2009 मध्ये तो फ्रान्सला निघाला तेव्हा, हे शरीर अजून दोन वर्षं ओढेल, असा माझा अंदाज होता. ओढली पाच, तीही दिमाखात. पबमध्ये आनंदाबरोबर जरा चडफडही ऐकू आली: आमच्याकडे बारा वर्षं, त्यातला बराचसा काळ लंगडत, आणि भूमध्य समुद्राची हवा लागली की ठणठणीत!